पाखराला हात लावू नका

खामगावात मी ड्रॉइंग मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. वऱ्हाड आणि मध्यप्रांताचा कारभार जोडीनं चालायचा, शाळा तपासायला येणारे साहेब नागपूरचं नाव घेऊन आम्हाला घाबरवायचे, आणि माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून पगार कॅमेऱ्यावर उधळायला मी मोकळा होतो.

पहिला कॅमेरा डब्यासारखा होता. बटण दाबलं की झालं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं; काय झालं ते मात्र कळायचं नाही. पळसावरची मैना टिपली तर पळस आला, मैनेच्या जागी मोहरीचा दाणा. जवळ जाऊन टिपावं तर सगळं पुसट. त्या डब्यावर मी इतका चिडलो, की वर्षभरात तो विकून बदलीवर निघालेल्या एका इंजिनिअर साहेबाकडून भात्याचा कॅमेरा घेतला. लाकडी, काचेच्या प्लेटांचा, तीन पायांच्या घोडीवर उभा राहणारा. मागच्या दुधी काचेवर समोरचं दृश्य उलटं दिसायचं. झाडं खाली डोकं वर पाय, आणि पाखरं आभाळाला लोंबकळलेली. डोक्यावर काळं फडकं घेऊन मी तासन्‌तास त्या उलट्या जगात रमायचो. शाळेतली पोरं मला ‘पाखरू मास्तर’ म्हणायची. ते मला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

फुलांपासून सुरुवात केली, कारण फुलं उडून जात नाहीत. पण पळसाची लालभडक फुलं त्या प्लेटांवर काळी ठिक्कर उमटायची. लाल रंग त्यांना दिसतच नसे. आमच्या मायनं तो फोटो पाहिला आणि म्हणाली, “आवं, झाडावर एवढे कावळे काऊन बसले?” मग मी ब्रश घेऊन एकेका पाकळीला शेंदरी रंग दिला. त्यावर तिचं मत पडलं की आता ते पळस नसून मिरच्या वाटतात. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

माय आणि बाबा गावी असायचे, खामगावपासून सायकलनं दोन तासांवर. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी घोडी पाठीला बांधून निघायचो. बाबांचं वावर म्हणजे पाखरांची पंगतच. त्यात बाबांचं आणि माझं जन्माचं वैर. ज्वारी निसवली की ते माळ्यावर चढून गोफण फिरवायचे आणि मी खाली फडक्यात डोकं घालून बसलेला. भोरड्यांचा थवा कणसांवर उतरायचा, मी श्वास रोखायचो, आणि वरून दगड सणसणत यायचा.

“बाबा, एक मिनिट थांबले असते तं!”

“एका मिनिटात पायलीभर दाणे खाते ते. तुह्या फोटोनं पोट भरते का बे त्याईचं?”

मायची तक्रार वेगळी होती. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “पाखराईचे एवढे फोटो काढतं, एक तुह्या बाबाचा काढ ना.” मी हसलो, तशी तिनं हात थांबवला. “माह्या बापाचं तोंड आता मले आठोत नाही रे. पागोटं आठोते, खोकला आठोते. तोंड नाही आठोत. लई आठोलं मी.”

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “मी घरात हाओ ना? मंग मले भिंतीवर काऊन टांगता?” पुन्हा विचारलं तर वावराची वाट धरली. तिसऱ्यांदा मी कॅमेराच लावून बसलो, तर ते बैलाच्या आड उभे राहिले, आणि माझ्याकडे बैलाचा एक फार देखणा फोटो जमा झाला. मायचा चेहरा पडला. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या माणसाला फसवायचं.

त्याचा मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीत लागला. वावरात एक कोतवाल पक्षी होता. तो दाणे खात नाही, किडे खातो, कावळ्याला पळवून लावतो, म्हणून बाबांच्या गोफणीतून त्याला माफी होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रोवलेल्या एका मेखेवर तो रोज सकाळी बसायचा. मी घोडी रोवली, मेखेवर नेम धरला, आणि बाबांना मेखेच्या मागं दहा पावलांवर, ज्वारीला पाठ देऊन उभं राहायला सांगितलं.

“मी काऊन?”

“तुमची सवय हाये त्याले. तुम्ही उभे राह्यले तं तो भीत नाही. पण हालू नका. गोफण वर धरली तशीच ठेवा.”

शुद्ध थाप होती ती. भिंगाचं भोक बारीक केलं की जवळचंही स्वच्छ येतं आणि लांबचंही, पण झडप जरा जास्त वेळ उघडी राहते, म्हणून दोघांनीही न हलणं भाग होतं. कोतवाल आला. बाबा दात ओठ खात, एक हात वर करून, पागोट्यासह खांबासारखे उभे. ज्यांनी आयुष्यभर पाखरं हाकलली ते एका पाखराखातर श्वास रोखून उभे होते. मी झडप उघडली, मनात एक-दोन-तीन म्हटलं, बंद केली. फडक्यातून बाहेर आलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी उगाच कोतवालाला शिव्या दिल्या.

मायला तेवढं कानात सांगितलं. ती दिवसभर पदराआड हसत होती.

प्लेट धुण्याचा उद्योग मी पूर्वी घरच्या अंधाऱ्या धान्याच्या कोठीत करून पाहिला होता. ऐन वेळी मायनं ज्वारी काढायला दार उघडलं आणि सहा प्लेटा एकदम काळ्या झाल्या. तेव्हापासून धुणं, छापणं, मोठं करणं हे सगळं मी खामगावच्या एका स्टुडिओत द्यायचो. तिथं फोटोंची डागडुजी करणारे एक म्हातारबुवा होते. डोळ्याला भिंग, हातात टोकदार पेन्सिल आणि बारीक चाकू. काचेवर पेन्सिल फिरवली की सुरकुती जायची, काचेवरचा मसाला खरवडला की नको ते काळोखात जायचं. देवीचे वण, चकणे डोळे, टक्कल, सगळं ते दुरुस्त करत. हात सोन्याचा होता, पण दुरुस्तीची हौस जरा जास्त. एका पायावर उभ्या असलेल्या माझ्या बगळ्याला त्यांनी दुसरा पाय काढून दिला होता. वर म्हणाले, “लंगडा फोटो बाहेर गेला तं बदनामी आमची होते, मास्तर.”

म्हणून या वेळी मी त्यांना बजावून सांगितलं. “पाखराला हात लावू नका. चोचीच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका असतो, तो डाग समजून पुसू नका. शेपूट दुभंगलेली असते, ती जोडू नका. डोळा तांबूस असतो, म्हणून तो काळाच येईल, त्यात चमक घालू नका.” ते मान डोलावत राहिले. मागच्या माणसाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. बाबा दर बाजारी खामगावात यायचे आणि म्हातारबुवांच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिवाय माणूस तो माणूस, त्यात सांगायचं काय?

पंधरा दिवसांनी मोठा करून पुठ्ठ्यावर चढवलेला फोटो हातात आला. कोतवाल अप्रतिम होता. ठिपका जागेवर, शेपूट दुभंगलेली. आणि त्याच्या मागं, जिथं माझा बाप उभा होता, तिथं ज्वारी. कणसं इतकी सुबक काढलेली की दाणे मोजून घ्यावेत.

“इथला माणूस कुठं गेला?” मी फोटो त्यांच्यापुढं धरला.

“कोणता माणूस? ते बुजगावणं?” म्हातारबुवा अभिमानानं म्हणाले. “पाखराच्या मांगं बुजगावणं शोभत नव्हतं. हात असा वरते, पागोटं बांधेल. दोन दिवस खरवडून राह्यलो, मास्तर. तुम्ही म्हटलं पाखराले हात लावू नका. नाही लावला.”

मी काय काय बोललो ते आज लिहिण्यासारखं नाही. बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावून परत गेलं. शेवटी ‘तो माझा बाप होता’ एवढंच तोंडातून निघालं, आणि म्हातारबुवांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. त्यांचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं.

“काचीवर तं काही उरलं नाही,” ते हळूच म्हणाले. “पण कागदावर मी परत काढून देतो. डोळ्यापुढं माणूस नसला तरी काढेल हाये म्या. तुम्ही सांगत जा फक्त.” त्यांनी पेन्सिल उचलली. “नाक कसं हाये?”

“नाक... सरळ. म्हणजे तसं मोठंच.”

“मिशी?”

“आहे.”

“झुपकेदार की पिळेल?”

मी आठवू लागलो. मिशी होती, एवढं नक्की.

“कान? भिकबाळीचं भोक हाये का? भुवया जुळेल हायेत का? गालावर तीळ, डाग, काही?”

मला पागोटं आठवत होतं. गोफण फिरवतानाचा खांदा आठवत होता, ‘काऊन बे’ म्हणतानाचा सूर आठवत होता. मी पोरांना चेहरे काढायला शिकवणारा मास्तर होतो. म्हातारबुवा वाट पाहत होते, त्यांनी चिडवायचं म्हणून म्हटलं नसेल, पण म्हटलं खरं: “कोतवालाचं तं तुम्ही पाठ म्हणून दाखोलं होतं, मास्तर.”

मी कोतवालाचा फोटो बगलेत मारून निघालो.

शनिवारी गावी पोचलो. मायनं फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्याकडे पाहिलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चुलीपुढं बाबा जेवायला बसले होते. त्यांच्यादेखत मी सगळं सांगून टाकलं. थाप, कोतवाल, बुजगावणं, चाकू. बाबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. “म्हंजे मी जितलो,” ते म्हणाले. “बम्म मेहनत केली ना बे तुवा!”

मी समोर बसलो होतो आणि त्यांच्याकडे पाहत होतो. ते अर्ध्या घासावर थांबले.

“काय पाहून राह्यला बे? मी काय पाखरू हाओ?”

“बाबा,” मी म्हणालो, “त्यानं मले तुमचं तोंड इचारलं. मले सांगता नाही आलं.”

बाबांचं हसू जिरलं. त्यांनी मायकडे पाहिलं, हातातली भाकरी ताटात ठेवली. मग उठून पाट दाराकडे सरकवला, त्यावर परत बसले, पागोटं उतरवून मांडीवर घेतलं आणि तोंड उजेडाकडे केलं. “पाह्य मंग,” ते म्हणाले. “मी नाही हालत.”

मी पाहिलं. नाक सरळ नव्हतं, मधे उंचवटा होता. मिशी एका बाजूनं विरळ होती. उजव्या कानात भोक होतं, बुजत आलेलं. डाव्या भुवईतून एक रेघ गेली होती, तिथं केस उगवत नव्हते.

“हे कशाचं?” मी विचारलं.

“बैलाचं शिंग लागलं होतं,” चुलीपासून माय म्हणाली. “तू रांगत होता तवा.” मग ती उठली, हाताचं पीठ पुसत आली आणि माझ्या बाजूला येऊन बसली. तीही पाहू लागली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिघांपैकी कोणी उठलं नाही.