पर्शियातला शिवा, इराणातला शिवा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोणंद स्टेशनसमोरच्या दौलूच्या हॉटेलात बसलं, की किस्से शोधावे लागत नसत. चहाबरोबर आपोआप यायचे. बहुतेक सगळे संशयाचे! कोण कुणाचा खबऱ्या, काही पत्ता नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचो, तर संशय घ्यायला लोकांना तेवढंही पुरायचं.

*

हॉटेलला दूध घालणाऱ्या गंगूबाईचा एकुलता एक शिवा पलटणीत होता. रजेवर आलेला एक शिपाई तिला म्हणाला, "शिवा इराणात हाय, बरा हाय." पुढं दुसरा शिपाई गाडीतून उतरला. तो म्हणाला, "पर्शियात भेटला. बरा हाय."

झालं! गंगूबाईनं हिशेब मांडला. "एक पोरगं दोन मुलखांत कसं आसंल? माझा शिवा ऱ्हायला न्हाई. म्हून दोघंबी थापा मारत्यात."

*

मी म्हटलं, "मावशी, देश एकच. तिथली माणसं पूर्वीपासून इराणच म्हणतात. पार्स हा त्यातला एक प्रांत. ग्रीकांनी त्यावरून सगळ्या देशालाच पर्शिया केलं. आपल्या पोथ्यांत पारसिक, बादशाही अमलात फारस."

ज्ञान पाजळायची हौस माझी, दुसरं काय!

ती म्हणाली, "दोनाची चार गावं केली की, मास्तर. तुमीबी त्यातलंच."

*

शेजारच्या बाकावर पोलीस जमादार होता. "नाव बदललं कुणी?"

"तिथल्या राजानं जगाला कळवलं, आम्हाला आमच्या नावानं हाक मारा."

"आन् आपल्या इंग्रज सरकारनं ऐकलं?"

"आधी ऐकलं. लढाईत पुन्हा पर्शिया केलं, इराण-इराकचा घोटाळा नको म्हणून."

त्यानं बशी खाली ठेवली. "सरकारला असं सांगता येतं, हे पोरांना शिकवता व्हय?"

त्या आठवड्यात जमादार माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून अख्खा आशिया खंड शिकला.

*

शेवटी मी सोपं करून सांगितलं. "मावशी, लग्नात तुमचं नाव बदललं ना? तसंच. देशाचं माहेरचं नाव इराण, सासरचं पर्शिया."

ती विचारात पडली. मला वाटलं, जिंकलो.

"माझं माह्यारचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. दौलूला नाही, जमादारालाही नाही.

"रोज तुमाला दूध घालते, तर माझं ठावं न्हाई. आन् त्या लांबच्या मुलखाचं बरं ठावं!"

*

लढाई संपली. एका दुपारी गाडीतून दाढी वाढलेला, हाडं वर आलेला एक शिपाई उतरला, तो थेट हॉटेलात आला. "आई," म्हणून वाकला. तापानं आवाज पार बसलेला. गंगूबाईला मोतीबिंदूमुळं धड दिसत नव्हतं. ती मागं सरकली.

"लांब ऱ्हा. माझं माह्यारचं नाव सांग."

सगळे बाकांवरून पुढं झुकले. जमादारसुद्धा.

"हौसा," तो म्हणाला. "मामा हौसाक्का म्हनतो तुला."

गंगूबाईनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं आणि ढसाढसा रडली. मग पदरानं डोळे पुसत माझ्याकडं वळली.

"मास्तर, ज्यास्नी मी थापाडं म्हनलं, ते दोघं शिपाई कुठल्या गावचं वो?"