बर्फाचं मावंदं

आमच्या घरात प्रवासाला कारण लागतं. नुसतं फिरायला म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. वणीला जायचं, शिर्डीला जायचं, कुणाच्या लग्नाला नाहीतर दहाव्याला जायचं, आणि वाटेत धरण दिसलंच तर गाडी जराशी थांबवायची. माझी आई साठीला आली तोवर तिचा एकेक प्रवास असा देवाच्या किंवा नातेवाइकांच्या नावावर गेला होता. म्हणून ती शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जाहीर करून टाकलं, की जानेवारीत आपण तिघं बर्फात जाणार आणि ही सहल फक्त आईची. मी एकुलती एक, कमावती आणि डोक्याने तापट. वडिलांनी लगेच मान हलवली.

प्रश्न एवढाच उरला, की औली की गुलमर्ग. स्कीइंग दोन्हीकडे शिकवतात. औली शांत आणि स्वस्त, पण डेहराडूनहून दिवसभराचा घाट. गुलमर्गला गर्दी, पण श्रीनगरहून जवळ. मी दोन्हीकडचे फोटो आईला पाठवले. तिने ते उघडायच्या आत नामपूरहून आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने हो म्हटल्याशिवाय आमच्याकडे साधा फ्रीजसुद्धा बदलला जात नाही.

"औलीले जा," आत्या तिच्या अहिराणीत म्हणाली. "बद्रीनारायण जवळ शे तठे. दर्शन बी हुई जाई. काश्मीरले कसाले जावानं?"

झालं! वडिलांना कारण सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले ते सगळ्या कॉलनीला सांगूनच परतले, "बद्रीनारायणाला चाललोय." शेजारच्या काकूंनी देवापुढे ठेवायला नारळ आणून दिला. आई तो घेऊन मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला फार राग आला.

मग मी गाडी ठरवायला डेहराडूनला फोन लावला, तर पलीकडचा माणूस हसायलाच लागला. बद्रीनाथाचे दरवाजे दिवाळीच्या सुमारास बंद होतात ते थेट उन्हाळ्यात उघडतात. जानेवारीत तिथे चिटपाखरू नसतं. एवढं उपासतापास करणारं आमचं खानदान, पण हे एकालाही ठाऊक नव्हतं. मी ही बातमी घरच्या ग्रुपवर जरा जास्तच आनंदाने टाकली.

आत्या डगमगली नाही. "मंग मे महिनामा जा," तिने फर्मावलं. वडील म्हणाले, "तेही खरंच. बर्फ काय, लांबून दिसेलच की."

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "मला बर्फ बघायचा नाहीये. मला घसरायचंय."

आईची सगळी नोकरी पेठ तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांवर गेली. शाळेमागे उतार होता. पावसाळ्यात पोरं खताच्या रिकाम्या गोण्यांवर बसून चिखलातून सुसाट खाली जायची, आणि आई छत्री घेऊन वरून ओरडायची. "दर वेळी वाटायचं, एक गोणी आपणही घ्यावी," ती म्हणाली. "पण बाई म्हणून उभी होते ना मी तिथे!" हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं तरी कधी होतं म्हणा.

त्या दुपारी तिने स्वतः दोन फोन केले. साठीच्या बाईला स्कीइंग शिकवाल का, एवढंच दोन्हीकडे विचारलं. औलीचा माणूस फार अदबीने बोलला, "माताजी, आप रोपवे में आराम से बैठिए, पहाड़ों के दर्शन कीजिए." गुलमर्गचा म्हणाला, "आंटी, दस्ताने अच्छे वाले लाना. गिरोगी बहुत." आईने फोन ठेवला आणि मला सांगितलं, "गुलमर्ग. तिकिटं काढ."

वडिलांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "तिथेही टेकडीवर शंकराचं देऊळ आहे म्हणे."

"असू दे की," आई म्हणाली. "तो बघेल आपल्याला तिथून."

गुलमर्गला आईला मी पहिल्यांदा पँटमध्ये पाहिलं. पायात ते जडशीळ बूट, कपाळावर टिकली, टोपीतून बाहेर आलेला अंबाडा. ती पडली, उठली, पुन्हा पडली. मी तिच्यापेक्षा जास्त पडले आणि चिडून बाजूला जाऊन बसले. ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणाऱ्याने तिचा हात सोडला, आणि माझी आई त्या छोट्या उतारावरून एकटी, गुडघे वाकवून, तोंडाने मोठ्ठ्याने ओरडत खाली आली. या खेपेला ओरडणं कुणाला थांबवण्यासाठी नव्हतं. खाली वडील माकडटोपी घालून मोबाईलवर शूटिंग करत उभे होते. व्हिडिओत निम्मं त्यांचं बोट आलंय. मी मात्र सगळं नीट पाहिलं, आणि अभिमानाने मला रडू आलं.

नाशिकला घरी आल्यावर आई म्हणाली, "मावंदं घालायचं." काशीहून, बद्रीहून माणूस सुखरूप परतलं, की नातेवाइकांना जेवू घालतात, ते मावंदं. वडील गोंधळले. "अगं, पण कशाचं? आपण काही यात्रेला नव्हतो गेलो."

"गेले, धड परत आले. घालायचं," आई म्हणाली.

पुरणपोळ्या झाल्या. आत्या नामपूरहून सकाळच्या गाडीने आली. यात्रा करून आलेल्याच्या पाया मोठ्यांनीही पडायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. जेवणं झाल्यावर आत्या सवयीने आईपुढे वाकली आणि तिथेच थबकली. आईच्या पायाचा अंगठा बुटाने काळानिळा झाला होता.

"माय वं! हाई काय?"

"पडले ना, ताई. खूप पडले."

"आन् शंकरनं दर्शन जयं का?"

वडील घाईघाईने काहीतरी बोलणार होते. आईने त्यांना हाताने थांबवलं.

"नाही, ताई. वेळच मिळाला नाही. मी घसरत होते."

आई संकोचून पाय मागे घेऊ लागली. आत्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले, दुखरा अंगठा जपून बाजूला केला, आणि कपाळ टेकवलं.