अविनाशची पंप-अ‍ॅक्शन

अविनाशच्या बंदुकीने मी मरता मरता वाचलो, ही गोष्ट खोटी आहे.

इथे आयर्लंडात, कॉर्कमधल्या आपल्या ग्रुपमध्ये, गणपतीत, वाढदिवसांना, कितीदा तरी ती रंगवून सांगितली गेली. मी समोर बसून हसलोय.

त्या दिवशी मरता मरता वाचला तो अविनाश. ट्रिगरवर बोट माझं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही रिंगास्किडीला एकाच औषध कारखान्यात. तो प्रॉडक्शनला, मी क्वालिटीत. प्रत्येक कागदावर दोन सह्या. ‘डन बाय’ अविनाश, ‘चेक्ड बाय’ मी. नऊ वर्षं.

त्याचे आजोबा चिपळूणकडे ठासणीची बंदूक घेऊन रानडुकरामागे जायचे. ती हौस याच्यात उतरली. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर त्याने रीतसर लायसन्स काढलं, भिंतीत तिजोरी बसवली आणि मला म्हणाला,

“स्वस्त आणि न अडकणारी शोधून दे. एक्सेल कर. तुला त्याशिवाय चैन पडत नाही.”

केलं. किंमत, वजन, काडतूस अडकल्याच्या तक्रारी, सुटे भाग, चिखलात चालेल का. सेकंडहँड पंप-अ‍ॅक्शन पहिली आली. पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, की नवं काडतूस आत. साधं यंत्र.

डेनिस म्हणजे आमच्या प्लांटमधला रिटायर्ड फिटर. त्याच्याच शेतावर कबुतरं मारायला जायचं ठरलं होतं. त्याने माझी शीट शांतपणे वाचली.

“पंप इज ग्रँड, बॉय. बट यू कान्ट सी इन्टू इट.”

त्याची दुनळी मधोमध उघडून हातावर टाकली की दहा पावलांवरूनही दिसायचं, रिकामी आहे. पंपाचं तसं नाही. मूठ मागे ओढून आत डोकवावं लागतं, बोटाने चाचपावं लागतं.

माझ्या शीटमध्ये तो कॉलम नव्हता. ऐकूनही मी वाढवला नाही.

नोव्हेंबरची सकाळ. डेनिस पलीकडच्या बांधाशी. अविनाशची लेक इरा, तेव्हा अकरा वर्षांची, फाटकाजवळ गाडीत.

तारेचं कुंपण आलं. मी आधी ओलांडलं. अविनाशने बंदुकीच्या खालच्या नळीतली दोन काडतुसं काढली आणि बंदूक तारेवरून माझ्याकडे दिली.

“रिकामी?”

“रिकामी. बघ.”

“चेक्ड,” मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं.

तो एक पाय टाकून तारेवर चढत होता. रिकाम्या बंदुकीचा ट्रिगर कसा लागतो ते बघावं म्हणून मी सेफ्टी सरकवली.

तिसरं काडतूस नळीत नव्हतंच. ते आधीच वर, बार उडतो त्या खोबणीत, चढून बसलं होतं.

बार उडाला.

चिखल त्याच्या तोंडावर. माझ्या कानात फक्त शिट्टी. दोघंही त्याच्या पायाकडे बघत होतो. बुटापासून वीतभर अंतरावर जमीन उखडली होती.

“लागलं?”

“नाही.”

“नक्की?”

“नाही म्हणतोय ना! आण ती इकडे.”

मला मूठ उघडताच येईना. त्याने माझं एकेक बोट सोडवलं. डेनिस ओरडत धावत येत होता.

“तुझी सिटिझनशिपची फाईल?” अविनाशने विचारलं.

“अजून आतच आहे. निर्णय यायचाय.”

लायसन्स तर माझ्याकडे नव्हतंच. ती बंदूक हातात घेणं हाच माझा गुन्हा.

“मग तोंड उघडू नकोस. माझ्या हातून सुटली. तू समोर होतास. कळलं?”

मला वाटतं मी मान हलवली.

वाटतं नाही. हलवली.

डेनिसने बंदूक घेतली, मूठ ओढली, जळालेलं काडतूस खाली पडलं. “गो होम, अविनाश,” एवढंच बोलला. त्याच्या शेताची परवानगी गेली. बंदूक दुकानात परत गेली.

इराने गाडीतून पाहिलं ते एवढंच: बाबाच्या हातात बंदूक आणि काका पांढराफटक.

“बाबा! यू नियरली किल्ड काका!”

“सॉरी, बेटा,” तो म्हणाला. गाडी चालवत राहिला.

मग तो घरातला जोक झाला. अविनाशने केक कापायला सुरी उचलली की इरा ओरडायची, “काका, डक! खाली वाका!” तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

मला नागरिकत्व मिळालं. मी विचारलं, “आता सांगू?”

“आता कशाला? जोक चांगला चाललाय, येड्या.”

मला तेच ऐकायचं होतं.

गेल्या वर्षी त्याचं हृदय थांबलं. निरोपाच्या वेळी इरा माईकवर म्हणाली, “माय डॅड वॉज अ बिट केअरलेस, बट ही वॉज आवर्स.” मी दुसऱ्या रांगेत होतो. उठलो नाही.

आज सकाळी तिच्या घरी जाऊन सांगितलं.

“सो बाबा वॉज लाइंग. फॉर यू.”

“हो.”

“अँड आय स्लॅग्ड हिम अबाऊट इट. फॉर यिअर्स. अँड यू लाफ्ड.”

“हो.”

‘इट्स ओके, काका’ असं ती म्हणाली नाही. म्हणू नये. तिने प्रेस, म्हणजे भांड्यांचं कपाट, उघडून बाबाचा मग काढला, पुसला, परत ठेवला.

“आजीला माहितेय?”

“नाही.”

“देन राइट इट. इन मराठी. शी रीड्स एव्हरीथिंग यू पोस्ट.”

काकू, तुम्ही हे चिपळुणात वाचत असाल. तुमचा मुलगा घरच्यांना घाबरवणारा निष्काळजी माणूस नव्हता. ती चूक माझी. ती त्याने अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

इराला मराठी वाचता येत नाही, म्हणून पोस्ट करण्याआधी सगळं तिला वाचून दाखवलं. एक वाक्य तिने काढायला लावलं. ते माझ्या बचावाचं होतं.

आता डेनिसकडे निघालोय.

अव्या, या वेळी बघितलं, मगच सही केली.

उशिराची श्रद्धांजली, मित्रा.