गिंकोचं सोनं

बागेत मी गिंकोचं एक बुटकं झाड लावलं आहे. हे फार वाढत नाही, असं नर्सरीवाला म्हणाला होता. सध्या तर ते माझ्या कमरेलाही लागत नाही. पानं मोजकीच, म्हणून माझा प्रत्येक पानावर जीव. दसऱ्याला शेजारच्या सुमनकाकू आल्या, त्यांनी त्यातलंच एक पान खुडलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा! बरं झालं, दारातच आपटा लावलात."

मी चडफडलो. "अहो काकू, हा आपटा नाही. गिंको आहे, चीनचा!"

"मग पानाला मधोमध अशी चीर कशी?"

मी पान निरखून पाहिलं. चीर होती खरी. डायनासोरच्या काळापासून हे झाड पृथ्वीवर आहे म्हणतात. आपट्याशी त्याचं दूरचंही नातं नाही. मग एकमेकांना कधीही न भेटलेल्या या दोन झाडांना पान मधोमध चिरायचं कसं सुचलं असेल? आणि तसलं पान पाहून आपल्याला तरी सोनंच का आठवावं? पान तर हिरवंगार.

पुढे पाचगणीची थंडी पडली आणि एका सकाळी पाहतो तर झाड खालपासून वरपर्यंत पिवळंधमक. वारा नसतानाही एक पान गळलं. ते उचलून मी कुंपणापाशी गेलो.

"काकू, सोनं घ्या."

त्यांनी ते उन्हात धरलं, उलटसुलट करून पाहिलं.

"इतकी वर्षं आम्ही नुसतं म्हणत होतो," त्या म्हणाल्या, "यानं मनावर घेतलं."