फ्यूजच्या जागी तार

जळोचीच्या तेजश्रीला इंदापूरहून फोन आला तो तिथल्या तरुण मंडळाच्या युवराजचा. मिरवणुकीत तिने केलेली दिव्याची तलवार जळाली आणि संस्कृती नावाच्या पोरीचा तळहात भाजला. पोरीबद्दल एवढं एकच वाक्य बोलून झालं, मग तुमचा माल खराब, आमची शोभा झाली, आता सगळीकडे सांगणार, हेच तो ऐकवत राहिला. तेजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेजश्री आयटीआयला वायरिंग शिकली होती. घराच्या पडवीत बसून ती या तलवारी करायची. पांढरी नळी, आत एलईडीची पट्टी आणि मुठीत पेन्सिल सेल. शाळांची संमेलनं, मिरवणुका, लग्नात नवरानवरीची एन्ट्री, सगळीकडे तिच्या तलवारी जायच्या. लिथियमचा सेल घातला तर लख्ख उजेड पडतो, हे काय तिला कळत नव्हतं? पण तो बिघडला तर पेट घेतो आणि मूठ असते लेकरांच्या हातात. म्हणून साधेच सेल, वर फ्यूज. उजेड मंद म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मुरडू दे म्हणायची. आता जपलेलं हे नावच बुडालं, तर लेकराच्या हातात तिची तलवार कोण देणार होतं?

तडक एसटी धरून तिने इंदापूर गाठलं. मंडळाच्या शेडमध्ये जळकी तलवार आणि तिला जोडलेलं एक दप्तर पडलं होतं. मूठ उघडली आणि ती बघतच राहिली. सेल गायब. मुठीतून वायरी ओढून थेट फवारणीच्या पंपाच्या बॅटरीला जोडलेल्या. ही बारा व्होल्टची बॅटरी पाठीवरच्या दप्तरात घालून पोरींना नाचवलं होतं! फ्यूज उडाला, तर शेतातल्या मोटरीला बांधतात तशी त्याच्या जागी तांब्याची तार पिळलेली. मग आतली बारीक वायर मुठीतच वितळली.

"फ्यूज सारखाच उडत हुता," युवराज म्हणाला. "उजेड पडला न्हाय तर लोक हसत्यात, ताई."

"मोटार जळली तर वायंडिंग भरून आणता. त्या पोरीचा हात कुठनं भरून आणणार हाय?"

तेवढ्यात कौसल्या आपल्या लेकीला, संस्कृतीला घेऊन आली. पोरीच्या उजव्या हाताला पांढरं बँडेज. चटका बसताच तलवार टाकली का नाहीस, असं तेजश्रीने तिला विचारलं.

"खाली पडू द्यायची न्हाय, आसं युवराजदादानं सांगितलं हुतं."

"वाघीण हाय आमची," युवराज कौतुकाने म्हणाला. "चौकापतुर सोडली न्हाय."

तेजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. बॅटरीचा, तारेचा अडाणीपणा एक वेळ समजला असता. पण नळीचं एक खेळणं जमिनीला लागू नये म्हणून लेकरू जळत राहिलं आणि यांना त्याचा अभिमान! तिने पिशवीतली नवी तलवार काढून संस्कृतीच्या डाव्या हातात दिली.

"टाक खाली."

पोरगी युवराजकडे बघायला लागली.

"त्याच्याकडं बघू नगं. भाजलं की टाकायची. मी केलीया, मी सांगती."

"टाक, बाळा," कौसल्या म्हणाली.

संस्कृतीने मूठ सोडली. तलवार फरशीवर आपटली, नळीला उभी चीर गेली. युवराज लगबगीने ती उचलायला वाकला. पोरीचा हात त्याने अजून एकदाही बघितला नव्हता.