वाकडी तोटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका नाव-गावासकट छापल्या; ही एक तेवढी राहिली.

एकोणीसशे वीसचं दशक सरत आलं होतं. रत्नागिरीतल्या एका साप्ताहिकात मी बातम्या लिहायचो आणि मुद्रितं तपासायचो. ओळ वाकडी दिसली की माझा हात शिवशिवायचा. याचं कौतुकही व्हायचं — आणि मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

छापखान्याचं यंत्र घासलेटच्या इंजिनावर चाले. इंजिन सांभाळायचा बाबू. पूर्वी आगबोटीच्या इंजिनखोलीत होता. टाकीतला गाळ काढायला खाली एक पितळी तोटी होती. तिच्या आट्यांतून घासलेट ठिबकू लागलं. खाली ठेवलेली करवंटी दुपारपर्यंत भरायची. आजूबाजूला कागदाचे गठ्ठे. मालक अण्णा हवालदिल झाले.

शनिवारी बाबूने टाकी रिकामी केली, आट्यांवर तागाचे धागे गुंडाळले, सफेदा चोपडला आणि पान्याने तोटी आवळली. दांडा जरा तिरका थांबला. मी ते बोलून दाखवलं.

"असू दे तिरका, भाऊ," बाबू म्हणाला. "मागे फिरवली तर आतला ताग सुटतो. पुढे जाईल तेवढीच आपली."

रविवारी मुद्रितं तपासायला मी एकटाच आलो. तोटी समोरच — तिरकी. किती वेळ बघायचं? पाना घेतला आणि ती सरळ केली. मागे. फार नाही, बोटभर. फार सुबक दिसली.

सोमवारी करवंटी पुन्हा भरली. बाबूने पुन्हा ताग गुंडाळला. आणि पुढच्या रविवारी मी — हो, पुन्हा. बाबूचं म्हणणं मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. या वेळी हलक्या हाताने फिरवू, असं वाटलं.

दुसऱ्या सोमवारीही करवंटी भरली; गळती माझ्याच हातची, अशी आता मात्र माझी खात्री पटली. अण्णांनी बाबूला सुनावलं : आणखी एकदा गळली तर मुंबईहून फिटर आणतो, तू घरी बसून जाळी वीण. बाबू स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मी शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. नाही बोललो. सगळे हसतील, एवढीच भीती होती.

तिसऱ्या शनिवारी तोटी आवळून झाल्यावर बाबूने नारळ आणला. जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. छपाईचे खिळे जुळवणारे, अण्णा, मी — सगळे शाईच्या हातांनी इंजिनाभोवती उभे राहिलो.

"बा राखणदारा," बाबू म्हणाला, "हयसर कोणाचा जाणता-अजाणता हात लागला असेल, तर त्याला पोटात घाल, आणि ही गळती थांबव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज माझा होता.

त्या रविवारी मी इंजिनाकडे पाठ करून बसलो. सोमवारी करवंटी कोरडी. अण्णा खूश झाले. "बाबू, तुझ्या हातापेक्षा तुझा नारळ बरा," असं म्हणाले. सगळे हसले, बाबूही हसला. मीही.

त्यानंतर तोटी गळली नाही. पण बाबू कुठलाही सांधा नारळ फोडल्याशिवाय आवळेनासा झाला. आगबोटीवर वाफेचे नळ कोरडे ठेवणारा तो माणूस — आपल्या हाताला यश नाही, असं हसत हसत सांगायचा.

छापखान्यात दर वर्षी त्या दिवशी नारळ फुटू लागला. मी तिथे आणखी नऊ वर्षं होतो. पहिला तुकडा बाबू मला आणून द्यायचा, कारण माझी साद मोठी होती. तोटी समोर तिरकीच असायची. मी ते खोबरं नऊही वर्षं खाल्लं.