आईचे तेलाचे हात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पोरींना नाही. विहारात डोळे मिटून बसते, तेव्हा स्वतःलासुद्धा धड सांगत नाही. मग तुम्हाला का सांगते? — तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. ऐकून घ्या.

माझी धाकटी बहीण सुचिता परदेशात व्हायोलिन वाजवते. आपलं शास्त्रीय — मांडी घालून, राग वगैरे. जर्मनी, जपान, कुठे कुठे. तिचा व्हिडिओ आला की आमचं अख्खं धसई गाव मोबाइल घेऊन मला दाखवायला येतं, जसा काही मी पाहिलाच नसेल! पाहते हो मी. दोन-दोनदा पाहते. आणि मनात म्हणते, इथे चुकली बघ, इथे. चुकलेली नसते. काय करू? जळते मी. सरळच सांगते — जळते.

कारण व्हायोलिन आधी माझ्या हातात आलं होतं. आमचे मास्तर शहापूरचे, भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचे आणि रविवारी आम्हाला शिकवायला यायचे. मी घासत असायचे तेव्हा ही बया नुसती कोपऱ्यात बसून ऐकायची. मग एकदा तिने सहज उचललं, वाजवलं, आणि मास्तर गप्पच झाले. माझं ऐकून ते कधी गप्प झाले नाहीत. मला म्हणायचे, ‘चांगलं चाललंय.’ शिकणाऱ्याला कळतं हो, याचा अर्थ काय तो.

मास्तरांचा एक नियम होता. गजाच्या केसांना हात लावायचा नाही. गज म्हणजे तारांवरून फिरवायची ती काठी. तिला घोड्याचे केस ताणून बसवलेले असतात. त्यांना राळ घासली की ते तार धरतात. पण तेलाचं बोट लागलं की संपलं — गज नुसता घसरतो. म्हणून रविवारी आमच्या डोक्याला तेल नसायचं. आईला ते फार लागायचं. पोरींची डोकी अशी कोरडी, लोक काय म्हणतील?

मग कळलं, पुण्याचे एक मोठे बुवा मुरबाडला येणार आहेत. आम्हा दोघींना ऐकणार, आणि एकीला शिकायला घेऊन जाणार. एकीलाच. त्या सकाळी आईला राहवलं नाही. मोठ्या माणसांसमोर पोर विस्कटलेली कशी न्यायची? तिने सुचिताच्या केसांना थोडं — अगदी थोडं — खोबरेल लावून वेणी घातली. मग साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मी पाहिलं ते. बाटली तिथेच राहिली होती.

आणि मी — आई साडी बदलायला आत गेली, सुचिता बाहेर होती — मी तिच्या व्हायोलिनची पेटी उघडली. बोटावर तेल घेतलं आणि तिच्या गजावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. बरं वाटलं मला.

मुरबाडला तिने गज तारेवर ठेवला, ओढला, आणि काहीच नाही. फुस्स. मास्तरांनी गज नाकाशी नेला. मग तेलाची वेणी बघितली, मग पेटी सांभाळत आलेल्या आईकडे बघितलं. ‘‘बाई, काय केलंत हे?’’ सगळ्यांदेखत.

‘‘हात धुतले व्हते हो मी,’’ आई म्हणाली. सुचिता तिच्यावर ओरडली, रडली. मी काय करत होते? तारा जुळवत होते.

आणि गंमत बघा. मास्तर मला म्हणाले, तुझा गज दे तिला. द्यावा लागला! माझ्या गजाने ती वाजवत सुटली, बुवांनी डोळे मिटले, आणि माझं ऐकायचं राहूनच गेलं. म्हणजे तिचं काडीचं बिघडलं नाही. बिघडलं ते आईचं.

सुचिता आठवड्यात विसरली. आई नाही विसरली. पोरीचं वाटोळंच करणार होते मी, असं शेजारणींना स्वतःहून सांगायची. आमच्या वेण्या घालायच्या तिने सोडल्या. पेटीला कधी शिवली नाही. सुचिता परदेशातून यायची, व्हायोलिन आईच्या मांडीवर ठेवायला बघायची, तर ही हात पदराखाली घ्यायची.

मागच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. सुचिता सगळं सोडून आली, उशाशी बसली, म्हणाली, ‘‘आई, माझी वेणी घाल ना गो.’’

‘‘नको गो बाय,’’ आई म्हणाली. ‘‘माझं हात तेलाचं.’’

त्या हातांत तेव्हा चमचासुद्धा धरवत नव्हता. मी तिथेच होते, आईला पेज भरवत. एक वाक्य पुरलं असतं. नाही बोलले. भीती वाटली म्हणून? नाही. बोलले असते तर आईने सुचिताला जवळ ओढलं असतं, केसांतून हात फिरवला असता, आणि मी बघत बसले असते. तेवढंसुद्धा मला सुचिताला मिळू द्यायचं नव्हतं.

मी आईला पुढचा चमचा भरवला. त्याच आठवड्यात ती गेली.